सागाच्या मुळाशी: शिझोनिका, होलोट्रायकिया आणि त्यांच्या नावांचा इतिहास

शिझोनिका ही ढालपंखी कीटकांच्या स्कॅरॅबिइडी कुलातील, मेलोलोन्थिनी उपकुलात मोडणारी प्रजाती आहे. तिच्या बहुसंख्य जाती आफ्रिकेत आढळतात. भारताच्या वाट्याला त्यांतल्या थोड्याच आल्या आहेत. त्यांपैकी शिझोनिका रुफिकॉलिस ही मध्य भारतातील सागाच्या रोपवाटिकांत रोपांची मुळे खाणारी जाती म्हणून वनखात्याच्या संशोधकांना परिचित आहे. त्या वर्तुळाबाहेर तिचे नाव फारसे कोणी ऐकलेले नाही. तिच्याच उपकुलातील होलोट्रायकिया ही प्रजाती मात्र शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यातली आहे. ऊस आणि भुईमूग यांची मुळे कुरतडणारी हुमणी, म्हणजे काही भागांतली उन्नी, ती मुख्यतः हिचीच अळी. या दोन्ही प्रजातींतल्या कीटकांचे वर्गीकरण दोनशे वर्षांहून अधिक काळ हलते राहिले आहे. नाव बदलले, गट बदलला, कधी जुने नाव परत आले. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या सागवनाचा इतिहास पाहताना हा प्रश्न वाटतो तितका दूरचा नाही, कारण तिथला साग जसजसा निसर्गाकडून माणसाच्या हाती येत गेला, तसतशी त्याच्या मुळाशी राहणारी अळी महत्त्वाची होत गेली.

हुमणीचा प्रौढ भुंगेरा तपकिरी, जाडसर आणि बोजड उडणारा असतो. त्याच्या शृंगिकांच्या टोकाला पात्यासारखे चपटे खंड असतात. ते हाताच्या बोटांसारखे उघडतात आणि मिटतात. सगळ्या स्कॅरॅब भुंगेऱ्यांची ही खूण आहे. शिझोनिका रुफिकॉलिस ही होलोट्रायकिया सेराटा या हुमणीच्या जातीपेक्षा लहान असते. तिची मान, म्हणजे डोक्यामागची पाठीची ढाल, तांबूस दिसते, आणि पायांच्या टोकाची नखे दुभंगलेली असतात. भिंगाखाली ही नखे पाहिल्याशिवाय तपकिरी भुंगेऱ्यांच्या गर्दीत ती वेगळी काढता येत नाही. अळ्यांचे तर आणखी अवघड. पांढुरके, सुरकुतलेले, इंग्रजी सी अक्षरासारखे वळलेले शरीर, तांबूस-पिवळे डोके, तीन जोड्या पाय आणि आतल्या मातीमुळे काळसर दिसणारे फुगीर शेपूट: मेलोलोन्थिनीतल्या कितीतरी जातींच्या अळ्यांचे हेच वर्णन करता येईल.

आलापल्ली हे गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातले गाव. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याआधी हा सगळा मुलूख जुन्या चांदा, म्हणजेच चंद्रपूर जिल्ह्याचा दक्षिण भाग होता. अहेरीची जमीनदारी आत्राम घराण्याकडे होती आणि चांद्याच्या जमीनदाऱ्यांत ती सर्वांत मोठी. गोंडी, त्यातही माडिया, तेलुगू आणि मराठी या भाषा इथे एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. नागपूरचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केल्यावर चांदा त्यांच्या ताब्यात गेला आणि १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली. अहेरीकडच्या सागवानाची कीर्ती तेव्हाच्या सरकारी लिखाणात वारंवार येते. प्राणहिता आणि गोदावरी यांच्या पात्रातून लाकूड पूर्वकिनाऱ्याकडे वाहून नेता येईल, हा हिशेब त्यामागे होता. गोदावरी नौकानयनयोग्य करण्याची मोठी योजना १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला सोडून देण्यात आली, पण सागावरची नजर हटली नाही.

१८६४ मध्ये डीट्रिख ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वन महानिरीक्षक झाले आणि १८७८ च्या वन कायद्याने राखीव जंगलांची चौकट पक्की झाली. यानंतरचा आलापल्लीचा इतिहास म्हणजे तोड, मोजणी, आरागिरणी आणि लाकडाचा डेपो यांचा इतिहास. सरकारी आरागिरणीमुळे हे गाव आजही सागवानाच्या व्यापारात ओळखले जाते. इथल्या लाकडाचा सोनेरी-पिवळसर रंग आणि त्यावरच्या रेषा यांना जाणकार ग्राहक वेगळा भाव देतात. हा रंग जुन्या, सावकाश वाढलेल्या झाडांचा आहे. तशी झाडे तुटू लागली की त्यांच्या जागी नवी लावावी लागतात, आणि लावायची म्हटली की रोपवाटिका आली.

नैसर्गिक जंगलात सागाचे बी विखुरलेले पडते. पालापाचोळ्यात, वणव्यात, इतर झाडोऱ्याच्या सावलीत त्यातले थोडे उगवते आणि त्याहून थोडे टिकते. तिथे हुमणी असते, पण तिचे नुकसान डोळ्यांत भरत नाही, कारण तिच्यासमोर खाण्यासाठी गवताच्या, झुडपांच्या आणि इतर झाडांच्या मुळांचा पसारा असतो. रोपवाटिकेत हे चित्र पालटते. एकाच जातीची हजारो कोवळी मुळे, भुसभुशीत केलेली माती, वरून शेणखत. त्यातही खत कच्चे असेल तर अंडी घालायला आलेल्या मादीला याहून चांगली जागा मिळणार नाही.

सागाची लागवड बहुतेक वेळा रोपांनी न होता जड्यांनी केली जाते. बियांवर आळीपाळीने पाणी आणि ऊन देऊन ती उन्हाळ्यात गादीवाफ्यांत पेरतात. पावसाळ्यात रोपे वाढतात आणि साधारण वर्षभराने उपटली जातात. मग खोड दोन-तीन सेंटीमीटर ठेवून वर छाटतात, मूळ पंधरा-वीस सेंटीमीटर ठेवून खाली छाटतात, बाजूच्या उपमुळ्या काढून टाकतात. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीचा जो दांडा उरतो, ती जडी. ओल्या गोणपाटात बांधलेल्या जड्या लागवडीच्या जागी जातात आणि पहिल्या पावसाच्या सुमाराला सब्बलीने केलेल्या भोकात उभ्या बसवल्या जातात. जडीत पान नाही, फांदी नाही. ती जवळजवळ सगळीच मूळ आहे. ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतात रूढ झाली. तिच्यामुळे लागवड स्वस्त आणि सोपी झाली, आणि त्याच वेळी सागाची सगळी किंमत झाडाच्या अशा भागात एकवटली जो हुमणीचे अन्न आहे. पान खाणाऱ्या अळीने हैराण केलेले झाड पुन्हा पालवते. सोटमूळ कुरतडलेल्या रोपाची जडी होत नाही. ते उपटून फेकावे लागते.

भुंगेऱ्याचे वर्ष आणि रोपवाटिकेचे वर्ष एकमेकांना चिकटून चालतात. वळवाचे किंवा मृगाचे पाऊस पडले की जमिनीत दडून राहिलेले भुंगेरे दिवेलागणीला बाहेर पडतात. कडुनिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर त्यांचे थवे उतरतात. तिथेच मीलन होते, रात्रभर पाला खाल्ला जातो आणि पहाटेपूर्वी ते मातीत शिरतात. मादी ओलसर जमिनीत एकेक सुटे अंडे घालते. दोन आठवड्यांच्या आत-बाहेर अळी निघते. सुरुवातीला ती कुजके सेंद्रिय पदार्थ खाते, मग मुळांकडे वळते. तीन अवस्थांपैकी तिसऱ्या अवस्थेतली अळी सर्वांत खादाड असते, आणि ती ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास येते, म्हणजे सागाची रोपे जोमाने वाढत असतात तेव्हाच. रोप आधी मलूल होते, पाने पिवळी पडतात, आणि हलक्या हाताने ओढले तरी ते मुळासकट नव्हे तर मुळाशिवाय हातात येते. पुढे अळी खोल जाऊन मातीचे घर करते, कोषात जाते, आणि तयार झालेला भुंगेरा पुढच्या पावसाची वाट पाहत जमिनीतच थांबतो. होलोट्रायकिया सेराटाचे हे चक्र एका वर्षाचे आहे.

नावांची कथा यापेक्षा गुंतागुंतीची आहे. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ योहान ख्रिश्चन फाब्रिसियस हा लिनियसचा शिष्य. त्याने १७७५ मध्ये लिनियसच्या भल्यामोठ्या स्कॅरॅबिअस प्रजातीतून मेलोलोन्था ही प्रजाती वेगळी काढली आणि पाला खाणाऱ्या तपकिरी भुंगेऱ्यांना त्यात घातले. आज होलोट्रायकिया सेराटा आणि शिझोनिका रुफिकॉलिस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दोन्ही जातींची वर्णने त्याने १७८१ मध्ये केली, आणि दोन्ही मेलोलोन्था म्हणूनच. तो स्वतः भारतात कधी आला नाही. लंडनमधल्या जोसेफ बँक्ससारख्यांच्या संग्रहांतील, टाचणीला टोचलेले वाळके नमुने हा त्याचा आधार. ते कुठल्या झाडावर मिळाले, कुठल्या महिन्यात, अळी काय खाते, यातले काहीही त्या टाचणीला जोडलेले नव्हते. वर्णन चार ओळींचे. नंतर आलेल्या प्रत्येकाला या चार ओळींवरून ठरवायचे होते की समोरचा भुंगेरा तोच की दुसरा.

एकोणिसाव्या शतकात मेलोलोन्थाचा पसारा आवरेना, तेव्हा तिचे तुकडे पडू लागले. नेपोलियनच्या सैन्यातला सेनानी आणि युरोपातल्या सर्वांत मोठ्या भुंगेरा-संग्रहाचा मालक काउंट पिएर देजाँ याने १८३३ च्या आपल्या यादीत शिझोनिका हे नाव वापरले. त्या यादीत नावे होती, वर्णने नव्हती; तरी आधी वर्णन झालेल्या जाती तिच्यात असल्यामुळे नाव ग्राह्य धरले गेले. १८३७ मध्ये इंग्रज पाद्री फ्रेडरिक विल्यम होप याने होलोट्रायकिया आणि लॅक्नोस्टर्ना ही दोन्ही नावे एकाच पुस्तकात दिली. पुढचा बराचसा गोंधळ या जोडीतून निघाला आहे. पॅरिसच्या संग्रहालयात एमिल ब्लाँशार याने १८५०च्या सुमारास भारतातली आणखी एक जाती वर्णन केली, ती अँकिलोनिका कन्सँग्विनिया म्हणून. हीच आजची होलोट्रायकिया कन्सँग्विनिया, उत्तर आणि पश्चिम भारतातली कुप्रसिद्ध हुमणी. १८५५ मध्ये हाले इथे हेरमान बुर्मायस्टर याने आपल्या मोठ्या ग्रंथात या सगळ्यांना नव्या गटांत बसवले. १८९० च्या दशकात एर्न्स्ट ब्रेन्स्के याने आशियातल्या जातींची फेरतपासणी करून डझनावारी नव्या जाती आणि कित्येक नव्या प्रजाती वाढवल्या. १९१२-१३ मध्ये दाल्ला तोरे याची जागतिक सूची निघाली, तोपर्यंत एकाच भुंगेऱ्याला दोन-तीन नावे असणे ही नेहमीची गोष्ट झाली होती.

लॅक्नोस्टर्ना हे नाव अमेरिकेत जून महिन्यात दिसणाऱ्या भुंगेऱ्यांसाठी अनेक दशके वापरले गेले. पुढे अमेरिकनांनी त्यांना फायलोफॅगा या अधिक जुन्या नावाखाली नेले. भारतात मात्र ते टिकून राहिले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही ऊस आणि भुईमुगावरच्या लेखनात लॅक्नोस्टर्ना कन्सँग्विनिया असा उल्लेख सापडतो, तर दुसऱ्या संशोधकाच्या लेखात तीच अळी होलोट्रायकिया म्हणून येते. वाचणाऱ्याला या दोन वेगळ्या किडी वाटल्या, तर दोष वाचणाऱ्याचा नाही.

या गोंधळाचे एक मोठे कारण एका न निघालेल्या ग्रंथात आहे. ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिजीवनावरील ग्रंथमालेत स्कॅरॅब भुंगेऱ्यांचे काम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गिल्बर्ट जॉन ॲरो याच्याकडे होते. त्याचा पहिला खंड १९१० मध्ये निघाला, त्यात फुलांवरचे चकचकीत भुंगेरे आणि गेंडा-भुंगेरे होते. १९१७ मध्ये रुटेलिनी उपकुलाचा खंड आला, १९३१ मध्ये शेणकिड्यांचा. शिंगवाल्या लुकानिड भुंगेऱ्यांचा खंड त्याच्या मृत्यूनंतर १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. मेलोलोन्थिनीचा खंड निघालाच नाही. आलापल्लीच्या जंगलात गव्याच्या शेणात भेटणारा मोठा काळा शेणकिडा ओळखायला १९३१ पासून किल्ली आणि चित्रे उपलब्ध आहेत. जमिनीखाली सागाचे मूळ खाणारी हुमणी ओळखायला तशी सबंध किल्ली नाही. भारतीय कीटकविज्ञानाची ही सर्वांत महागात पडलेली उणीव म्हणावी लागेल. ज्या गटाचा शेतीशी आणि वनाशी थेट संबंध, तोच गट पोरका राहिला. नंतर जर्मन संग्राहक गेऑर्ग फ्राय याने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भारतीय होलोट्रायकियांच्या ओळखीसाठी कोष्टके तयार केली. ती जर्मनमध्ये होती आणि युरोपातल्या संग्रहांवर आधारलेली होती.

वनखात्याकडे कीटकांचा स्वतंत्र अभ्यास देहरादूनमुळे आला. तिथली वन संशोधन संस्था १९०६ मध्ये स्थापन झाली. ई. पी. स्टेबिंग याने १९१४ मध्ये वनांना उपद्रवी असलेल्या भुंगेऱ्यांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याच्यानंतर सी. एफ. सी. बीसन याने जवळजवळ तीन दशके तिथे काम केले आणि १९४१ मध्ये वनकीटकांच्या जीवनक्रमावर आणि नियंत्रणावर जो ग्रंथ काढला तो अजूनही उघडला जातो. सागाच्या बाबतीत त्या काळाचे लक्ष पानांवर होते. पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळी पाने फस्त करणारी हिब्लिया पुएरा आणि पावसाळा सरताना पानाची जाळी करून टाकणारी दुसरी अळी, या दोघींमुळे सागवने तांबडी-करडी पडतात. जाणाऱ्या-येणाऱ्यालाही ते दिसते. जाळी करणाऱ्या अळीचे नावही हापालिया, पायराउस्टा, युटेक्टोना, पालिगा असे फिरत गेले, पण तिच्याबद्दल शंका नव्हती, कारण तिचे काम पानावर उघडे दिसत होते. जमिनीखालच्या अळीला असा पुरावा नसतो. रोप मेले एवढेच कळते.

शिझोनिका आणि होलोट्रायकिया यांची ओळख पटायला अवघड का, याचे उत्तर अळी आणि भुंगेरा यांच्यातल्या अंतरात आहे. नाव दिले गेले भुंगेऱ्याला. नुकसान करते अळी. अळीची ओळख तिच्या शेपटाच्या खालच्या बाजूला असलेल्या राठ केसांच्या रचनेवरून करावी लागते. काही जातींत हे केस दोन समांतर ओळींत उभे असतात, काहींत विखुरलेले, काहींत टोकाकडे वळलेले. गुदद्वाराची फट कोनदार की आडवी, हेही पाहतात. हे सगळे अळी मोठी झाल्यावर, माती धुऊन काढून, सूक्ष्मदर्शकाखाली. पण कुठली केसरचना कुठल्या जातीची हे कळण्यासाठी आधी ती अळी माती भरलेल्या भांड्यात वाढवून तिचा भुंगेरा होऊ द्यावा लागतो, आणि त्याला महिने लागतात. भुंगेरा हाती आला तरी बाहेरून सारख्या दिसणाऱ्या जाती नराच्या जननेंद्रियाच्या कठीण आवरणाच्या आकारावरूनच वेगळ्या करता येतात. मादी मिळाली तर पुष्कळदा प्रश्न तसाच राहतो.

महाराष्ट्रात हुमणीचा अभ्यास पुढे सरकला तो उसामुळे. सांगली, सातारा, कोल्हापूर या भागांत शेतकरी माळावरची हुमणी आणि नदीकाठची हुमणी असा भेद करतात. पहिली होलोट्रायकिया सेराटा, दुसरी ल्युकोफोलिस लेपिडोफोरा. वेगळ्या जमिनीत राहणाऱ्या या दोन वेगळ्या प्रजाती आहेत हे शेतकऱ्याला जमिनीवरून कळले होते, आणि ते बरोबर निघाले. रात्री झाडे हलवून भुंगेरे गोळा करणे, रॉकेल मिसळलेल्या पाण्यात ते बुडवणे, प्रकाश सापळे लावणे, खोल नांगरट करून अळ्या कावळ्या-बगळ्यांना उघड्या करणे, मेटारायझियम ही बुरशी मातीत मिसळणे, हे उपाय शेतीतून रोपवाटिकांकडे आले.

सागाच्या रोपवाटिकांकडे संशोधकांचे लक्ष उशिरा वळले. महाराष्ट्र वनविकास महामंडळ १६ फेब्रुवारी १९७४ रोजी स्थापन झाले आणि सागाची लागवड मोठ्या प्रमाणावर हाती घेतली गेली. जड्यांची मागणी वाढली तशी हुमणीची तक्रारही. जबलपूरच्या उष्णदेशीय वन संशोधन संस्थेतील संशोधकांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये सागाच्या रोपांवरील शिझोनिका रुफिकॉलिसचा प्रादुर्भाव आणि नियंत्रण यांवर निबंध प्रसिद्ध केला. फाब्रिसियसच्या चार ओळींनंतर सव्वादोनशे वर्षांनी या जातीच्या अळीला सागाच्या वाफ्यात एक निश्चित जागा मिळाली. तोपर्यंत रोपवाटिकांतली प्रत्येक पांढरी अळी होलोट्रायकिया म्हणून नोंदवण्याचा मोह सगळ्यांनाच होता. त्याचे परिणाम कागदापुरते राहत नाहीत. भुंगेरे कोणत्या झाडावर जमतात, कधी बाहेर येतात, अळी किती खोल जाते, हे जातीगणिक बदलते. एका जातीसाठी ठरवलेला सापळ्याचा हंगाम दुसरीसाठी चुकीचा ठरू शकतो.

वरच्या पातळीवरचा प्रश्न अजून सुटलेला नाही. होलोट्रायकियाला पूर्वी ऱ्हायझोट्रॉजिनी या ट्राइबमध्ये, म्हणजे उपकुलाखालच्या गटात, ठेवत. काही अभ्यासक तिला आता मेलोलोन्थिनी ट्राइबमध्येच धरतात. शिझोनिकासाठी कोणी स्वतंत्र ट्राइब मानतात, कोणी मानत नाहीत. डीएनएच्या आधारे गेल्या दोन दशकांत झालेल्या अभ्यासांत खुद्द मेलोलोन्थिनी हे उपकुलच एका पूर्वजाचे एकसंध घराणे ठरत नाही. रुटेलिनी आणि गेंडा-भुंगेरे ज्या शाखांवर बसतात, त्यांच्या अवतीभवती मेलोलोन्थिनीचे वेगवेगळे गट विखुरलेले दिसतात. म्हणजे ज्या चौकटीत या प्रजाती बसवायच्या ती चौकटच उद्या मोडली जाऊ शकते. होलोट्रायकियाचेही तेच. पूर्व आशियातल्या कित्येक जाती तिच्यातून काढून इतर प्रजातींत नेल्या गेल्या आहेत. २०१६ मध्ये दोन स्पॅनिश संशोधकांनी होपच्या लॅक्नोस्टर्नाची ओळख नव्याने पक्की करताना, ज्यांना सर्रास होलोट्रायकिया म्हटले जाते ते भुंगेरे लॅक्नोस्टर्ना होत, अशी मांडणी केली. भारतातील कृषी विद्यापीठांच्या पत्रकांत होलोट्रायकिया हेच नाव चालू आहे.

आलापल्लीपासून भामरागडच्या रस्त्यावर सुमारे सहा हेक्टरांचा जुन्या सागाचा तुकडा आहे. वनवैभव म्हणून १९५० च्या दशकापासून तो तोडीतून वगळलेला आहे आणि २०१४ मध्ये जैवविविधता कायद्याखाली तो महाराष्ट्रातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाला. इथल्या उंच सागांखालची माती कुदळ-नांगराने कधी उलटलेली नाही. रोपवाटिकेतल्या हुमणीची तुलना करायची तर ती अशाच मातीतल्या भुंगेऱ्यांशी करावी लागते: इथे कोणत्या जाती आहेत, किती आहेत आणि त्यांना काबूत कोण ठेवते. त्यासाठी पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री दिवा आणि पांढरा कपडा लावून बसावे लागते, आणि १९८० नंतर कित्येक वर्षे नक्षलवादी हिंसाचाराने ग्रासलेल्या या जंगलात रात्रीचे असे काम सोपे नव्हते. भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या जबलपूर केंद्राने मध्य भारतातल्या स्कॅरॅब भुंगेऱ्यांच्या नोंदी गेल्या काही दशकांत वाढवल्या आहेत. त्या नोंदींत मिळालेल्या प्रत्येक नमुन्यासोबत ठिकाण, तारीख आणि संग्राहक लिहिलेले असतात, आणि चालू नावाखाली फाब्रिसियस, होप, ब्लाँशार यांनी वापरलेली जुनी नावे क्रमाने दिलेली असतात. प्रजातीचे नाव पुन्हा बदलले तरी १७८१ च्या वर्णनापासून आजच्या वाफ्यातल्या अळीपर्यंतचा धागा याच यादीवरून जुळवता येतो.